एकवीस किलो

पंचवीस किलो हा तिचा ताण.
आडव्या तारांना अर्धा किलो कमी.
सात वर्षं, दर फेब्रुवारीत, दोह्यात,
स्टेडियमच्या पोटातल्या बिनखिडकीच्या खोलीत
तेओडोराच्या रॅकेटी माझ्याच यंत्रावर चढल्या.
माझं नाव तिला कधी आलं नाही.
‘मिराज’ म्हणायची.
मी मिरजेचा, एवढं एकदा सांगितलं होतं.
त्या शब्दाचा वाळवंटात काय अर्थ होतो
ते पुढे एका फिलिपिनो पोरानं हसत समजावलं.

आमच्या घरी तंबोरे.
अब्बा तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे,
केसभर पुढे, केसभर मागे,
जवारी लागेपर्यंत ताटावर बसायचे नाहीत.
मी त्यांच्याच हाताचा.
फक्त माझ्या तारेवर सूर नाही, चेंडू येतो.

तिच्याबद्दल सगळ्यांनी वाचलं तेच मी वाचलं.
पंचाला ती भर सामन्यात चोर म्हणाली.
नवराच कोच होता,
त्याला एकाच सकाळी दोन्ही नोकऱ्यांवरून काढलं.
खोकल्याच्या औषधात काहीतरी निघालं,
तीन महिने बंदी, मग माफी,
मग माफीवरच बोंब.
बोटीवरचा फोटो. बोटीवरचा माणूस.
त्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ केवढ्याचं, तेसुद्धा.
पोरगी कुणाकडे राहणार
यावर आमच्या कँटीनमध्ये पैजा लागल्या.

छापून आलं नाही ते एवढंच:
एका रॅकेटच्या मुठीवर, पट्टीच्या आत,
बॉलपेननं काढलेलं बदक होतं.
पाय तीन.
बाकी सगळ्या पट्ट्या बदल म्हणायची,
ही सोडून.

त्या वर्षी आदल्या रात्री अकराला ती स्वतः खाली आली.
‘एकवीस,’ म्हणाली.
मी पाहत राहिलो.
‘खांदा,’ म्हणाली, आणि दाखवायला हात उचलला,
तो अर्ध्यावरच थांबला.
मी वहीत २१ लिहिलं.
खांद्यासाठी वहीत रकाना नव्हता.

हरली. एक्कावन्न मिनिटांत,
जिचं नावही कुणाला नीट घेता येत नव्हतं तिच्याकडून.
आणि दूर कुठल्यातरी देशात
कुणीतरी त्या हरण्यावर फार पैसे लावले होते.

वेस्ट बेच्या हॉटेलात, तेविसाव्या मजल्यावर,
दोन कोटवाले. एसी इतका की वहीची पानं गार.
ताण किती होता? एकवीस.
नेहमी? पंचवीस.
म्हणजे चार कमी. हो.
आभारी आहोत, खजूर घ्या.
खांद्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
माझा व्हिसा जूनमध्ये संपत होता.
तोंडात खजूर होता.
दोन्ही खरं आहे.

कॉर्निशच्या रस्त्यावरचं तिचं होर्डिंग एका रात्रीत उतरलं,
सकाळी तिथं अत्तराची बाटली.
माझा खोलीवाला शिबू उतरवणाऱ्यांतलाच.
फ्लेक्स गुंडाळून कॅम्पवर घेऊन आला.
आता सायकलींवर सावलीला तेच ताणलंय,
उलटं, पांढरी बाजू वर.
खालून मान वर केली तर
एक कान दिसतो, आणि सर्व्हिसला उचललेला हात,
पूर्ण उचललेला.

बदकाची रॅकेट माझ्याकडेच राहिली.
न्यायला कुणी आलं नाही.
तार खोटं बोलत नाही, असं अब्बा म्हणतात.
मिरजेत नसेल बोलत.
इथं समुद्राकडून दमट हवा आली
की न खेळताही उतरते.
महिन्याला एकदा अंगठ्यानं छेडून पाहतो.
पंचवीस नाही. एकवीसही नाही आता.

फोनवर अब्बांना ऐकवली.
बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले,
‘वाजवायचा नाही त्या वाद्याच्या तारा सोडून ठेवाव्यात.
लाकूड वाकतं.’
हे लाकूड नाही, मी म्हणालो.
‘मग काय आहे?’

कात्री घेतली आहे.
मधून सुरुवात करायची असते.
कडेनं कापली तर चौकट तिरकी होते.