काना

दर सेंटीमीटरला मिळतात सव्वाआठ रुपये,
फोटो लागला तर पन्नास वेगळे.
एवढ्यात जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांचे
सगळे खेळ मी बघतो:
गोदावरीत वल्ही, सातपूरला शटल,
आणि निकाल फोनवर मागवलेली बुद्धिबळं.

गेल्या नोव्हेंबरात हिरावाडीच्या संकुलात
सतरा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची फायनल.
थंडी अशी, की पंचांच्या शिट्टीतून
आधी वाफ आली, मग आवाज.
पेठकडच्या आश्रमशाळेची एक पोरगी
तीन मिनिटं पन्नास सेकंद कुणालाच सापडली नाही.
खांबापाशी यायची, पाठलागवालीचा हात लांबायचा,
आणि ही पलीकडे,
जणू खांबच मधे सरकला.
गुडघ्याला हळद. पायात बूट नव्हते,
म्हणजे होते, बाहेर ओळीत काढून ठेवलेले,
नवे म्हणून.

मी वहीत लिहिलं: मोहना भोये. पुढे वेळ.
मग पाहुणे आले, पाऊण तास उशिरा,
आणि संपलेल्या सामन्याचं
नारळ फोडून उद्घाटन झालं.

बातमी पाठवली सतरा सेंटीमीटर.
रात्री साडेदहाला प्लॉटची जाहिरात आली,
बातमी उरली सहा.
सकाळी पान उघडलं तर पाहुणे, पाहुण्यांची शाल,
त्यांच्या कोपराखाली अर्धा चषक,
डावीकडून उभे असलेल्यांत एकही खेळाडू नाही,
आणि अगदी शेवटी:
‘मोहन भोये हिने चांगला खेळ केला.’

एक काना. एक उभी रेघ.
कुणी खाल्ली म्हणून डेस्कवर विचारलं
तर म्हणाले, फॉन्ट बदलताना गळतात अशा.
दुरुस्तीला तीन ओळी मागितल्या.
तीन ओळींत दशक्रियेची जाहिरात बसते, म्हणाले.
मीही फार ताणलं नाही. खरं सांगतो,
त्या आठवड्यात माझं बिल अडकलं होतं.

यंदा ती परत आली. उंच झालेली.
सामना संपल्यावर मी वही काढली, नाव विचारलं,
ओळखत नसल्यासारखं.
ती काही बोलली नाही.
दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून कात्रण काढून दिलं,
लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्यात हवेचा बुडबुडा.
पाहुणे कापून टाकलेले.
ती शेवटची ओळ तेवढी ठेवलेली,
आणि ‘मोहन’च्या पुढे,
प्लास्टिकच्या आत, म्हणजे कधीचीच,
निळ्या बॉलपेननं पट्टी धरून मारलेली रेघ.
जरा जास्तच उंच. ओळीतून डोकं वर काढलेली.

‘सर, यावर क्रीडागुण देत नाहीत म्हणाले.
शिक्का लागतो.’
तक्रार नव्हती, नुसती माहिती.
मग म्हणाली, ‘आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीनं येतो,
कधी येतही नाही.
दोन अंक ठेवाल का?’

संध्याकाळी सीबीएसवर, चहाच्या गाडीमागे,
मी फोनवर बातमी वाचून दाखवली.
म ला काना मात्रा. ह. न.
नाही, थांबा, संपलं नाही. न ला काना.
पेठची गाडी मागे घेत होते, कंडक्टरची शिट्टी चालू,
पलीकडून आवाज आला, काय म्हणालात?
काना, मी ओरडलो. काना!
चहावाल्यानं वळून पाहिलं.