पांढऱ्यावर काळं

पत्र रामाहून सुटणाऱ्या बोटीतून आलं,
डिझेलच्या वासाचं, एक कोपरा ओला.
नावाडी म्हणाला, मिस ऑर्डेल,
पोरीनं पत्राऐवजी चित्रंच पाठवलीत की!
मी पिठाचे हात एप्रनला पुसले
आणि म्हटलं, वाच बरं मग.
तो हसला. मीही हसले, तोंडदेखलं.
मलाही कुठे धड वाचता येतं?

ब्लूफील्ड्सच्या पहिल्या शाळेत झेल्मा सहा वर्षं गेली.
घरात क्रिओल, फळ्यावर स्पॅनिश,
तिच्या कानांशी दोन्हींची ओळख नाही.
पण अक्षर असं मोत्यासारखं
की बाई तिची वही वर्गभर फिरवायच्या.
एका पानावर चाळीस वेळा: माझं घर सुंदर आहे.
मी घराकडे बोट दाखवून विचारलं, हेच ना?
तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं,
मग वही ओढून
एक्केचाळिसाव्यांदा लिहून दाखवलं.

पुढे कळलं, टेकडीवर चर्चमागच्या दोन खोल्यांत
हात लिहायला शिकवतात.
गोल म्हणजे चेहरा.
बारकी चांदणी म्हणजे इथं टेकलं.
दोन रेघांचा बाण वर-खाली जातो, एका रेघेचा पुढे-मागे.
स्वतःचा तळवा दिसत असेल तर कोरा सोडायचा,
हाताची पाठ दिसली की काळा भरायचा.
पंधरा दिवसांत पोरीनं कोळशानं
भट्टीमागची अख्खी भिंत संपवली.

बाराव्या वर्षी तिनं पहिल्यांदा लिहून काही विचारलं.
गोलावर दोन उचललेल्या भुवया,
खाली पाणी, खाली माणूस:
बाबा बुडाले तेव्हा त्यांचे हात वर होते का?
वाचायला मला तीन दिवस लागले.
उत्तर अजून लिहायचंय.

आता ती मानाग्वात शिवणकाम शिकते.
भट्टी विझली की मी दिवा जवळ ओढते.
नुसत्या डोळ्यांनी जमत नाही मला,
एकेक खूण करून बघावी लागते, वरून खाली,
आणि ही लिपी असते लिहिणाऱ्याच्या बाजूनं:
तिचा उजवा तो माझा उजवा,
तिची छाती तिथं माझी छाती.
मग माझेच हात मला सांगू लागतात,
खोलीत अकरा जणी आहोत. भाडं वाढलंय.
सुई बोटात गेली होती, आता बरं आहे.

मधे एक खूण पुन्हापुन्हा येते.
गोल, गालावर चांदणी, मनगट, बाहेर जाणारा बाण.
ही मला पाठ आहे. ही म्हणजे पाव.
लहानपणी मैत्रिणी आल्या की
माझ्याकडे बघत सारखी करायची.
पण इथं लिहिलंय:
पावाचा खोकला गेला का?
पाव रात्री एकटाच झोपतो का?
पावाला सांगा, डिसेंबरात येतेय.

मी मागे जाऊन परत केलं. सावकाश.
मनगट गालाला लावलं, पुसलं, बाहेर नेलं.
पुन्हा लावलं.
मनगटाला पीठ होतं.

दारात उभी राहून हाक मारायची ती, मैत्रिणींदेखत,
आणि मी दरवेळी
टोपली पुढे करायचे.