भांग

रात्री तीनला अकरा नंबरची शीर सापडत नव्हती.
संध्याकाळच्या दोघींनी टोचून पाहिलेलं, मनगट काळंनिळं.
लाईट गेलेली. जनरेटर डिझेलसाठी रुसलेला.
मी टॉर्च दातात धरला, डोळे मिटले
आणि बोटानं चाचपत गेलो.
शीर बघायची नसते. ती बोटाखाली दचकते,
एकदाच.
तेवढ्यात सुई आत.

सकाळी सव्वासातला
उन्नतीच्या डोक्यावरचा भांग मात्र सापडत नाही.
कंगवा कपाळापासून नीट निघतो,
टाळूपाशी येऊन कुरुंद्याकडच्या रस्त्यासारखा
कुठंही वळतो.
तिची आई किनवटकडं ग्रामसेवक. शनिवारी येते.
तोवर दोन्ही वेण्या माझ्याकडं.
नाइट असली की शेजारच्या शमीमआपा तिला झोपायला नेतात,
सकाळी गोधडीसकट परत देतात.

वॉर्डात मला ब्रदर म्हणायचं असतं.
पण कोंडाबाई, नातवाच्या उशाशी बसून, रात्रभर:
"ओ सिस्टर, बाटली संपायली बगा."
कुणीतरी म्हणालं, मावशी, ते बाप्या माणूस हाय.
"आसंना का. हात हलका हाय, मंग सिस्टरच."
मी काही बोललो नाही.
बारा वर्षांत याहून चांगली बढती मिळालेली नाही.

हळदीचा हंगाम लागला की वसमतला कावीळ ओळखणं अवघड.
मोंढ्यातले हमाल येतात: नखं पिवळी, तळवे पिवळे,
बनियनवरचा घामसुद्धा पिवळा.
मौलाचाचा खालची पापणी स्वतःच ओढून दाखवतात,
"देख बेटा, पीलिया नै, मोंढा है."
खरंच पांढरी असते.
पाठ गेलेली असते. पाठीला रंग नसतो.

नर्सेस डेला फुलं येतात, एखादा पुढारी येतो,
फोटोत मला दिव्यापासून लांब, मागं उभं करतात.
म्हणतात, ही सेवा आहे.
मला विचाराल तर सेवा म्हणू नका.
सेवा म्हटलं की पगार दोन महिने पुढं ढकलता येतो,
पस्तीस खाटांना एक माणूस पुरतो,
अकरा महिन्यांची ऑर्डर बाराव्या वर्षीही
अकरा महिन्यांचीच राहते.
ड्युटी म्हणा. ड्युटीला सुट्टी असते, निदान कागदावर.
आणि पहाटे ज्याचा माणूस गेला
त्याच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन
दोन मिनिटं नुसतं उभं राहणं,
ते कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.
ते माझ्या खात्यावर.

शाळेत 'माझे बाबा' वर दहा ओळी होत्या.
तिसरी ओळ: माझे बाबा सिस्टर आहेत.
बाईंनी लाल पेनानं गोल करून वर लिहिलं, ब्रदर.
उन्नतीनं त्याच्या वर परत, पेन्सिलीनं, सिस्टर.
चौथी ओळ: त्यांना भांग पाडता येत नाही.
तिथं बरोबरची खूण.

आत्ता ती पायरीवर बसलीय, मान खाली घालून.
मी डोळे मिटतो, रात्रीसारखे,
आणि मधलं बोट टाळूवरून फिरवतो.
काही दचकत नाही. नुसती ऊब लागते,
मग कानामागं गुंता.
सवयीनं तोंडातून निघून जातं:
हलू नको, मुंगी चावल्यासारखं होईल.
"खोटं," ती म्हणते. "तू सगळ्यांना हेच सांगतोस."
पण डोकं काढून घेत नाही.

बाहेर घागरींचा आवाज, आठव्या दिवशीचा नळ आलाय.
टाकीचं झाकण काढायचं राहिलं.
रिक्षावाला दुसऱ्यांदा हॉर्न देतो.
एक वेणी झालीय.