बिनवासाचा साबण

डिसेंबरची तेरा तारीख. माज ओसरून गेलाय.
आता मादीच्या मुताची बाटली कशाला,
रुडी माकेला म्हणाला, चष्मा कपाळावर सारत,
आता त्यांना फक्त भूक कळते, बाई.
सफरचंदाचा अर्क ने.

मी दोन्ही घेतल्या.
एखादी मादी राहून गेलेली असते, आर्विड सांगायचा,
नोव्हेंबरात न फळलेली,
ती महिन्याने पुन्हा माजावर येते
आणि बरगड्या मोजाव्यात असे थकलेले नर
पुन्हा एकदा उठतात.
सांगताना माझ्याकडे बघून हसायचा.
मेला, म्हणायचे मी.
तो शब्द आता तोंडातून काढवत नाही.

शिकारीचे कपडे मीच धुवायचे,
बिनवासाच्या साबणाने, दोनदा,
मग दोरीवर, लाकडासारखे ताठ होईस्तोवर,
मग सिडारच्या डहाळ्यांसोबत डब्यात, झाकण घट्ट.
माणूस म्हणून काही उरू नये त्यांच्यावर.
तो गेला त्याच्या आदल्या मंगळवारी
सगळंच धुतलं मी. जाकीट, टोपी, मोजे,
उशीचा अभ्रासुद्धा, हात ओले आहेतच तर म्हणून.
इतकी स्वच्छ बाई शोधून सापडायची नाही तुला,
मी म्हणाले होते.
आज डब्यात नाक घालून पाहिलं.
सिडार. नुसता सिडार.

तळ्यापलीकडे मचाण. गुडघाभर बर्फ.
बाटल्या काखेत धरून नेल्या, नाहीतर गोठतात.
वीस पावलांवर फांदीला कापूस बांधला,
चार थेंब सफरचंदाचे,
पुढच्या फांदीवर दोन त्या दुसऱ्या बाटलीतले,
आणि बोटांना वास लागला म्हणून
बर्फाने हात चोळत बसले
खुनी माणसासारखी.

साडेतीनला ती आली. एक कान फाटलेला.
कापसाकडे पाहिलंसुद्धा नाही.
सरळ मचाणाच्या शिडीपाशी,
तिसऱ्या पायरीशी,
जिथे ऑक्टोबरात आर्विडने हातमोजा काढून
सैल झालेला बोल्ट पिळला होता, शिव्या देत.
तिथे नाक लावून उभी राहिली.
किती वेळ, माहीत नाही.
ठासणीची बंदूक माझ्या मांडीवर
एखाद्या दुसऱ्याच्या पोरासारखी पडलेली.
मग पुढचा खूर आपटला तिने, दोनदा,
फुरफुरली,
आणि पांढरी शेपटी वर करून निघून गेली
माणूस आहे इथे, असं साऱ्या रानाला सांगत.

मीच असेन तो माणूस.
दुपारी कांदा खाल्ला होता मी.
वाराही पडला होता.
पण ती वर बघत नव्हती.

उतरले. टोपी काढली. कुणी नव्हतंच बघायला.
तिसऱ्या पायरीला नाक लावलं,
आधी हळूच, मग दाबून.
लोखंड. गंज. थंडी.
आणखी दाबून.
सोडवायला गेले तेव्हा शेंड्याची कातडी
तिथेच राहिली, मसुराएवढी.

शुक्रवारी दुकानात रुडीने विचारलं,
सफरचंदाने काही झालं का?
मग माझ्या तोंडाकडे बघत,
आणि नाकाला काय झालं?

कच्चं आहे, म्हटलं,
आणि साबण न घेताच
घरी आले.