गेलो

एका खिडकीत दर्या, दुसरीत खाडी,
मधे सहावीचा वर्ग, बावीस मुलं.
तळाशीलला जमीनच तेवढी आहे.

निबंधाचा विषय मीच दिला : माझे वडील.
मंथन कोयंडेनं लिहिलंय,
'माझो बापूस परवा गेलो. अजून येवक नाय.'
खाली पान कोरं.
कुठं गेलो, ते इथं कुणी लिहीत नाही.

लाल पेनाचं टोपण दातांत धरून बसले आहे.
बाईंनी असं बसू नये.

बापूस नाही, वडील.
गेलो नाही. गेलो म्हणजे मी.
वडिलांना आदरार्थी अनेकवचन,
म्हणजे : 'माझे वडील परवा गेले. अजून आले नाहीत.'
केंद्रप्रमुख गुरुवारी वह्या बघणार आहेत.

चौथीत माझं वाक्य असंच सुधारलं होतं
घाटावरून बदलून आलेल्या शेटे गुरुजींनी.
वाईट नव्हते. समुद्राकडे पाठ करून बसायचे, इतकंच.
वहीत सुबक अक्षरांत : माझे वडील गेले.
वाचलं, आणि दप्तर टाकून
पुळणीतून धावत सुटले मी घरापर्यंत.
बापूस पडवीत जाळं तुणत बसलेला.
'काय गो, शाळा इतक्यात सुटली?'
त्याचा गुडघा चाचपून पाहिला.
मिठानं खरखरीत. ऊन.

तेव्हापासून शुद्ध मराठीची भीती वाटते
आणि मी तीच शिकवते, एकोणीस वर्षं.
माझं तुका-माका
वर्गाबाहेर चपलांशेजारी काढून ठेवलेलं असतं,
घंटा झाली की पायांत अडकवायचं.

आज काही खोडत नाही.
खाली फक्त लिहिते : माझे वडील गेले आहेत.
'आहेत' मोठ्यानं वाच, म्हणते.
परत वाच.
शुद्ध भाषेतही शोधलं तर असतं कुठंतरी
ठेवलेलं एखादं 'आहेत'.
गुरुजींना सुचलं नाही.
किंवा त्यांच्या गावी गेलेला माणूस
संध्याकाळच्या गाडीनं परत येत असेल.

मंथन वाचतो, दर्याच्या खिडकीकडे बघत.
मग विचारतो,
'बाई, तुमचो बापूस खंय असता?'
कुणीतरी फिसकन हसतं,
बाईंना असं विचारतात का.

मी दाराबाहेर बघते, चपला जागेवर आहेत.
'गेलो,' म्हणते.

वर्गात पहिल्यांदाच.
बावीस मुलं गप्प.
कुणीही सुधारत नाही.