डबी

घरीच करा, पण अर्ध्या तासात आणा,
म्हणाला लॅबवाला. आणि गार होऊ देऊ नका.
जानेवारीत, ग्वाल्हेरला!
थाटीपूरच्या हीटरपाशी बसून सांगायला त्याचं काय जातं.

बनियन, सदरा, स्वेटर, वर मामाचं जाकीट
आणि सगळ्याच्या आत, डाव्या काखेत, डबी.
तिच्यावर माझं नाव, वय छत्तीस,
वेळ सात वाजून दहा. शाल्मलीनं लिहिलेली.
असल्या कागदांवर तिचं अक्षर सुरेख झालंय,
चार वर्षांचा सराव.

दौलतगंज, बाडा, मग पडावाचा पूल.
धुक्यात पुढच्या टेम्पोतले गजकाचे डबे
वाजत होते नुसते, दिसत नव्हते.
उजव्या हातानं स्कूटर, डावा अंगाशी गच्च.
अंडं उबवतोय म्हणा हवं तर.
हसा. मीही हसलो, मफलरमध्ये.

रोज सातला ती उपाशीपोटी गोळी घेते,
मग तासभर चहा नाही.
टीएसएच नऊचा तीनवर आला,
पाळी पंचेचाळिसाची तिसावर.
प्रोलॅक्टिनची अर्धी गोळी रात्री, तिनं मळमळतं.
माझी तपासणी? बघू पुढे,
असं चार वर्षं मीच म्हणालो.

काल टिकेकरांच्या नातवाचं बोरन्हाण.
पोरांत वाकून ती बोरं वेचत होती,
तेवढ्यात कुणी मावशी,
"काय गं, तुझं ते थायरॉईड अजून ठीक नाही झालं?"
तुझं ते.
मी दारात चपला शोधत होतो.
काहीतरी बोलता आलं असतं.
चप्पल सापडली.

लॅबमध्ये फॉर्म. तंबाखू, नाही. मधुमेह, नाही.
गालगुंड झाले होते का? कितव्या वर्षी?
नववीत. होळीच्या आगेमागे.
आईनं गालांना गेरू लावला.
खालीही सुजलं होतं, ते तिला सांगितलं नाही.
आठ दिवस पाय फाकवून चाललो,
धाकटा मला बदक म्हणायचा.
आज बावीस वर्षांनी कुणी विचारलं,
तेही छापील.

मुलीनं हातमोज्यात डबी घेतली.
"गरम आहे अजून," म्हणाली, आणि आत गेली.
रिपोर्ट शुक्रवारी.

बाहेर येऊन फोन लावला.
"गार नाही ना झालं?"
नाही. ऐक, नववीतलं एक सांगायचंय तुला.
"थांब," ती म्हणाली, "तास झाला.
चहा ओतते. मग सांग."
पलीकडे गाळणी आपटल्याचा आवाज.
मी फोन कानाला धरून, धुक्यात,
रिकामी काख तशीच घट्ट मिटून.