प्रश्न चौदावा

स्वॉन्झीत तिसऱ्या मजल्यावर बसून
मी माणसांना त्यांची हृदयं विचारते.
साखर, रक्तदाब, मूत्रपिंडं,
कितव्या पायरीला दम लागतो.
खिडकीबाहेर समुद्र आहे म्हणतात,
पण उजेडाने आकडे दिसत नाहीत
म्हणून गेथिन पट्ट्या ओढून ठेवतो.

मंगळवारी सव्वाअकराला ग्रिम्स्बीहून फोन.
हेडली थ्वेट, वय अठ्ठ्याहत्तर,
पूर्वी मासळी बंदरावर बर्फ फोडायचा.
सोबत पत्नी मर्ना. स्पीकरवर दोघं.
साउथॅम्प्टन ते साउथॅम्प्टन, एकशे बारा रात्री,
पनामा, ताहिती, सिडनी, केपटाउन,
केबिनला स्वतःची बाल्कनी.
"मोठं घर विकलं," मर्ना म्हणाली, "लहान घेतलं.
मधला फरक म्हणजे ही बोट."

चार कंपन्या वय ऐकूनच नाही म्हणाल्या होत्या.
पाचवी नव्वद दिवसांच्या पुढे यायला तयार नव्हती.
"एक्याण्णवाव्या दिवशी आपण कुठे असू, बघ ना, हेडली."
कागद चाळल्याचा आवाज.
"मादागास्करच्या आसपास.
तिथून पुढे देवाच्या भरवशावर."
मी हसले. आमचं हसणंही रेकॉर्ड होतं.

मी सांगत गेले.
सहल रद्द झाली तर दहा हजारांपर्यंत परत,
वरचे चोवीस हजार तुमचे तुम्ही.
आजारी पडून केबिनमध्ये कोंडून राहिलात
तर दिवसाला शंभर पौंड.
हेलिकॉप्टर धरलेलं आहे.
आणि देह घरी आणण्याचा खर्च,
हे वाक्य वेग न बदलता वाचायचं
असं आम्हाला शिकवलंय.
"समुद्रातच सोडला तर स्वस्त पडेल ना?" हेडलीने विचारलं.
मर्नाने त्याला काहीतरी मारलं,
बहुधा माहितीपत्रक. जाड होतं.

मग प्रश्न. तेरापर्यंत सरळ.
गुडघा, जुना. गोळ्या दोन,
नावं मर्नालाच पाठ.

चौदावा: कुठल्या तपासणीचा निकाल
यायचा बाकी आहे का?

तिकडे सीगल ओरडला.
किटली उकळून आपोआप बंद झाली.
माझ्यासमोर दोन चौकोन, हो आणि नाही,
आणि बाण त्यांच्या मधोमध.

"हो," हेडली म्हणाला.
"कसला?"
हे मला विचारलेलं नव्हतं.
"कसला निकाल, हेडली?"
"सोमवारी लायब्ररीत गेलो होतो म्हणालो ना,
तेव्हा."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
आमच्याकडे उघडीलाच दर लागतो,
आणि आज तोही लागत नव्हता.
निकाल येईपर्यंत भाव सांगता येणार नाही,
संदर्भ क्रमांक तीस दिवस जपून ठेवू,
असं मी दोन गप्प माणसांना वाचून दाखवलं.
क्रमांक मर्नाने उतरवून घेतला.
शेवटचा आकडा दोनदा विचारला.

तो नाही म्हणू शकला असता. म्हणतात.
त्या चौकोनात बसून कित्येकजण
जग फिरून आलेत.
बायकोपासून लपवलेलं
त्याने एका परक्या मुलीला का सांगावं?
मी विचारलं म्हणून,
इतकंच असेल.

एकोणतिसाव्या दिवशी मर्नाचा फोन.
निकालाचं ती बोलली नाही.
मी विचारायला हवं होतं, तसा नियम आहे.
"ॲबर्डीनहून लेर्विकला रात्रीची बोट जाते,
तिला लागतो का विमा?"
"देशातल्या देशात सक्ती नाही."
"म्हणजे प्रश्न नाहीत?"
"नाहीत."
मग फोनवर हात ठेवून, पण नीट न ठेवता,
"प्रश्न नाहीत म्हणतेय, हेडली.
जाडा स्वेटर घे."

फाईल बंद करताना कारण द्यावं लागतं.
महाग वाटला. प्रवास रद्द. मृत्यू. इतर.
मी थोडा वेळ यादी वरखाली केली
आणि निवडलं:
दुसरीकडे मिळाला.